व्हीएमचा सीपीयू नक्की कोण अडवतंय? दोन आठवड्यांच्या नोंदी

आधी मांडणी सांगतो म्हणजे पुढचं समजेल. एक फिजिकल सर्व्हर (होस्ट) आहे, ४ कोअर ८ थ्रेड (एका कोअरवर दोन), त्यावर केव्हीएम आणि लिबव्हर्ट, म्हणजे एका मशीनवर अनेक आभासी मशीन चालवणारं आणि सांभाळणारं सॉफ्टवेअर. त्यावर तीन व्हीएम (आभासी मशीन, म्हणजेच गेस्ट): एक डेटाबेसची (४ व्हीसीपीयू, म्हणजे आभासी सीपीयू), एक वेबची (२ व्हीसीपीयू) आणि एक माझी (४ व्हीसीपीयू). माझ्या व्हीएमवर रात्री १२ ला स्कॅन केलेली साधारण ६००० पानं येतात आणि टेसरॅक्ट त्यातून मजकूर काढतं. होस्ट आणि गेस्ट दोन्हीकडे नवा लिनक्स, सीग्रुप (प्रोसेसच्या गटाला किती सीपीयू मिळेल ते ठरवणारी लिनक्सची सोय) दोन नंबरची आवृत्ती. होस्टचं रूट ॲक्सेस माझ्याकडे आहे पण होस्ट लावला होता आमच्या आधीच्या ॲडमिननी, त्यांना सगळे काका म्हणतात, ते आता दुसरीकडे असतात पण फोन उचलतात.

तक्रार एवढीच की हे काम सकाळी ६ पर्यंत चालतं आणि लोक ६ ला येऊन बसतात. माझ्या हिशोबाने दोन तासांच्या आत व्हायला हवं होतं. कुणाला असलंच काही निस्तरायचं असेल तर उपयोग होईल म्हणून चुकांसकट लिहितोय.

४ मार्च

पहिल्यांदा रात्री जागून बघितलं. टॉप (सीपीयूचा वेळ कशात जातोय ते टक्क्यांत दाखवणारी कमांड) उघडलं तर us, म्हणजे यूझर, प्रोग्रामनी वापरलेला वेळ, तो ५० च्या आसपास, आयडल म्हणजे रिकामा वेळ ०, आणि शेवटचा आकडा, एसटी म्हणजे स्टील, तो ५०. लोड ॲव्हरेज, म्हणजे साधारण किती कामं सीपीयूवर आहेत किंवा त्याची वाट बघतायत, तो १६. मिनिटाला १७ पानं होत होती (लॉगमधून मोजली, हा आकडा पुढे फार कामाला आला).

एसटी ५० बघून मी लगेच ठरवून टाकलं की शेजारच्या व्हीएम सीपीयू खातायत. नावच तसं आहे ना, स्टील म्हणजे चोरी, मग चोर शोधायचा. आणि लोड १६ म्हणजे चार व्हीसीपीयू कमी पडतायत. दोन्ही निष्कर्ष चुकीचे होते. लोड १६ का येतोय हा प्रश्न त्या रात्री स्वतःला विचारला असता तर अर्धं काम तिथेच झालं असतं, पण मोठा आकडा दिसला की माणूस तो कमी करायच्या मागे लागतो, तो कुठून आला ते बघत नाही.

एसएसएचवर (लांबून व्हीएममध्ये शिरायचं टर्मिनल) टाईप करताना अक्षरं अडखळत येत होती, हे पण लिहून ठेवलं.

५ मार्च

व्हीसीपीयू ४ चे ८ केले. व्हीएम बंद करून परत चालू करावी लागली, कारण मॅक्सिमम ४ च ठेवलेला होता. माझी स्क्रिप्ट एनप्रॉक (किती सीपीयू आहेत ते सांगणारी कमांड) बघून तेवढ्या प्रोसेस सोडते, म्हणजे आता ४ ऐवजी ८ टेसरॅक्ट एकदम.

निकाल: मिनिटाला १५ पानं. वाढली नाहीत, दोनने कमी झाली. एसटी ७५. लोड ३२. आणि एसएसएच तर जवळजवळ वापरता येईना, एक शब्द टाईप करून वाट बघायची. त्या रात्रीचं काम पावणेसातला संपलं, त्याबद्दल सकाळी ऐकून घ्यावं लागलं आणि ते बरोबरच होतं.

व्हीसीपीयू दुप्पट केले तर एसटी ५० वरून ७५ झाला, म्हणजे खरा सीपीयू दोन्ही वेळेला तेवढाच मिळतोय. ४ चे ५० टक्के म्हणजे २, ८ चे २५ टक्के म्हणजेही २. हे गणित मी त्या दिवशी केलं नाही. कागदावर दोन ओळी लिहायला हव्या होत्या.

गेलेला वेळ: एक रात्र आणि दुसऱ्या दिवसाची सकाळ.

६ मार्च

व्हीसीपीयू परत ४. मग एक काम केलं जे मला त्या वेळी फार शहाणपणाचं वाटलं. एसएसएच अडखळतं म्हणून, निदान व्हीएममध्ये बसून काम तरी करता यावं म्हणून, गेस्टच्या आत टेसरॅक्टच्या सर्व्हिसला सिस्टमडीमधून (लिनक्समध्ये सर्व्हिस चालवणारा प्रोग्राम) सीपीयू कोटा, म्हणजे वापराची मर्यादा, लावला, १५० टक्के, म्हणजे दीड कोअर. सिस्टमसीटीएल सेट प्रॉपर्टी ही कमांड वापरून लावला, युनिटच्या (सर्व्हिसची मांडणी लिहिलेल्या) फाइलला हात लावला नाही.

लगेच एसटी शून्यावर आला! एसएसएच एकदम सुरळीत. टॉपमध्ये यूझर ३७, आयडल ६२. मला वाटलं प्रश्न सुटला, आता मशीन निवांत आहे, आणि मी झोपायला गेलो.

७ मार्च

सकाळी ७ वाजून ४५ मिनिटांनी काम संपलं. मिनिटाला १३ पानांच्याही खाली. आकडे सगळे छान दिसत होते, एसटी शून्य, सीपीयू ६० टक्के रिकामा, आणि काम मात्र आतापर्यंतचं सगळ्यात संथ.

इथे मी थांबलो आणि ठरवलं की आता टॉपमधल्या कुठल्याही आकड्यावर खूष व्हायचं नाही, फक्त मिनिटाला किती पानं हेच बघायचं. एक छोटी स्क्रिप्ट केली, दर मिनिटाला झालेली पानं आणि त्याच वेळचे यूझर, आयडल, आयओ वेट (डिस्कची वाट बघण्यात गेलेला वेळ), स्टील हे एका ओळीत लिहिणारी. हे पहिल्याच दिवशी करायला हवं होतं.

कोटा तसाच राहिला. पुढे त्याचाच फटका बसला, तो त्या त्या तारखेला येईल.

८ मार्च

चोर शोधायचा प्रयोग. रात्री डेटाबेस आणि वेब दोन्ही व्हीएम अर्धा तास बंद ठेवायची परवानगी मिळवली. होस्टवर फक्त माझी व्हीएम. सिस्टमडीचा कोटा मध्ये येऊ नये म्हणून टेसरॅक्ट सर्व्हिसमधून न चालवता टर्मिनलवरून हाताने चालवलं.

एसटी परत ५०.

शेजारी कुणीच नाही, आणि तरी निम्मा सीपीयू चोरीला. होस्टवर टॉप बघितलं तर होस्ट ७५ टक्के आयडल. ८ थ्रेडपैकी २ वापरात, ६ रिकामे. म्हणजे सीपीयू आहे, घेणारा तयार आहे, आणि मध्ये कुणीतरी हात आडवा घातलाय. एसटीचा अर्थ "शेजारी खातोय" असा नाहीच. माझा व्हीसीपीयू चालायला तयार होता पण होस्टने चालवला नाही, एवढंच तो आकडा सांगतो. का चालवला नाही हे त्यात नसतं. गर्दी असेल तरी तोच आकडा, आणि मर्यादा लावलेली असेल तरी तोच.

मग होस्टवर त्या व्हीएमच्या सीग्रुपच्या फोल्डरांत शिरलो आणि सीपीयू डॉट मॅक्स नावाच्या सगळ्या फाइली वाचत गेलो. बहुतेकांत मॅक्स १००००० असं होतं, म्हणजे मर्यादा नाही. एका ठिकाणी २००००० १०००००. सापडला! दर १०० मिलिसेकंदाला २०० मिलिसेकंद सीपीयू, म्हणजेच दोन कोअर, माझ्या एका पूर्ण व्हीएमला मिळून.

त्याच फोल्डरमधली सीपीयू डॉट स्टॅट एक मिनिटाच्या अंतराने दोनदा वाचली. पिरियडची (१०० मिलिसेकंदांचे तुकडे) संख्या ६०० ने वाढली होती आणि थ्रॉटल झालेल्यांची (कोटा संपून अडवलेल्यांची) पण जवळजवळ ६०० ने, म्हणजे एकही पिरियड सुटला नाही. थ्रॉटल झालेला वेळ मात्र सुमारे ११८ सेकंदांनी वाढलेला. एका मिनिटात ११८ सेकंद थांबवलं असं कसं, म्हणून थोडा गोंधळलो, पण तो वेळ प्रत्येक सीपीयूचा वेगळा मोजून बेरीज केलेला असतो. ४ व्हीसीपीयू प्रत्येकी ३० सेकंद म्हणजे १२०, बरोबर जुळतं.

आता ५ मार्चचं सगळं उलगडलं. ४ व्हीसीपीयू एकदम पळाले की २०० मिलिसेकंदांचा कोटा ५० मिलिसेकंदात संपतो आणि उरलेले ५० सगळी व्हीएम गोठते. ८ केले तर तोच कोटा २५ मिलिसेकंदात संपतो आणि ७५ गोठते. आणि कोटा पूर्ण व्हीएमला लावलेला असल्यामुळे क्यूएमयूचे (होस्टवर व्हीएम प्रत्यक्ष चालवणारा प्रोग्राम) बाकीचे थ्रेड पण त्यातच मोजले जातात, म्हणून एसएसएचची अक्षरं अडखळत होती. मी व्हीसीपीयू वाढवून गोठण्याचा वेळ वाढवला होता.

दोन व्हीएम बंद ठेवल्या ती ३० मिनिटं या सगळ्या कामातली सगळ्यात उपयोगी ठरली.

९ मार्च

काकांना फोन केला. "काका, माझ्या व्हीएमवर दोन कोअरची मर्यादा तुम्ही लावली होती का?" ते म्हणाले, "हो रे, मीच लावली. रात्री डेटाबेसचा बॅकअप चालतो, तेव्हा तुझ्या आधीच्या माणसाचं काहीतरी सगळा सीपीयू खायचं. काढायची तर काढ, पण बॅकअपचं आधी बघ." हे कुठेच लिहिलेलं नव्हतं. चूक त्यांची म्हणत नाही, मी पण होस्ट हातात घेताना विचारलं नव्हतं.

व्हर्श शेडइन्फो (व्हीएमच्या सीपीयूच्या मर्यादा दाखवणारी आणि बदलणारी लिबव्हर्टची कमांड) चालवलं तर ग्लोबल कोटा २००००० सरळ समोर दिसला. सीग्रुपच्या फोल्डरांत एवढं हिंडायची गरजच नव्हती, एक कमांड होती. लिबव्हर्टमध्ये कोटा तीन-चार प्रकारचा असतो हे लक्षात ठेवा: व्हीसीपीयू कोटा हा प्रत्येक व्हीसीपीयूला वेगळा लागतो, ग्लोबल कोटा त्या एका पूर्ण व्हीएमला मिळून, आणि एम्युलेटर (क्यूएमयू) आणि आयओ थ्रेडचा वेगळा. तुमच्याकडे व्हीसीपीयू कोटा ५०००० असेल तर प्रत्येकाला अर्धा कोअर, तिथे व्हीसीपीयू वाढवले तर एकूण सीपीयू खरंच वाढतो. ग्लोबलमध्ये वाढत नाही. कुठला लावलाय ते बघितल्याशिवाय व्हीसीपीयूच्या संख्येला हात लावू नका. काही पॅनेलमध्ये हाच आकडा सीपीयू लिमिट नावाने येतो, प्रॉक्समॉक्समध्ये तसाच आहे, तिथे ० म्हणजे मर्यादा नाही.

ग्लोबल कोटा उणे १ केला, म्हणजे मर्यादा काढली. व्हीएम चालू असतानाच बदलता येतं, बंद करावी लागत नाही.

रात्री काम चालू झालं. मिनिटाला १३ पानं. एसटी शून्य, आयडल ६२.

१० मार्च

पूर्ण दिवस गेला यात आणि कारण मीच लावलेलं होतं. सहा तारखेचा सिस्टमडीचा कोटा.

लगेच का सापडला नाही ते सांगतो. एक, मी युनिटची फाइल उघडून बघितली, त्यात कोटा नव्हता, म्हणून तो नाहीच असं धरलं. सेट प्रॉपर्टीने लावलेली गोष्ट युनिटच्या फाइलमध्ये जात नाही, ती इटीसीखाली सिस्टम डॉट कंट्रोल नावाच्या वेगळ्या फोल्डरमध्ये जाते आणि रीबूटनंतरही टिकते. सिस्टमसीटीएल कॅट केलं असतं तर ती पण दिसली असती. दोन, आत लावलेल्या कोट्याचा वेळ स्टीलमध्ये दिसत नाही, तो आयडलमध्ये दिसतो. गेस्टचा कर्नलच प्रोसेसला थांबवून ठेवतो, व्हीसीपीयूला दुसरं काही काम नसतं, मग तो रिकामाच म्हणून मोजला जातो. मशीन रिकामं दिसतं आणि काम पुढे सरकत नाही. मी डिस्क तपासली, आयओ वेट १ च्या खाली. नेटवर्क तपासलं. मग कुठेतरी वाचलं होतं की जुन्या कर्नलमध्ये कोटा शिल्लक असताना पण थ्रॉटल व्हायचं आणि ते ५.४ मध्ये दुरुस्त झालं, म्हणून कर्नलची आवृत्ती बघत बसलो, आमचा त्यापेक्षा बराच नवा आहे. त्यात अर्धा तास.

शेवटी गेस्टच्या आत त्या सर्व्हिसची सीपीयू डॉट स्टॅट वाचली. थ्रॉटलची संख्या धडाधड वाढत होती. सीपीयू डॉट मॅक्समध्ये १५०००० १०००००. आणि तेव्हा सहा तारीख आठवली.

कोटा रिकामा करून सेट प्रॉपर्टी परत चालवली, गेला. मिनिटाला ३४ पानं! यूझर ९९, स्टील शून्य.

या दिवसानंतर भिंतीवर एक कागद चिकटवलाय, त्यावरचं इथे देतो:

काम संथ आणि स्टील जास्त: अडवणारा व्हीएमच्या बाहेर आहे, होस्टवर बघ.
काम संथ, स्टील शून्य, आयडल जास्त: अडवणारा आत आहे, सर्व्हिस किंवा कंटेनरची सीपीयू डॉट स्टॅट बघ.
काम संथ आणि आयओ वेट जास्त: सीपीयूचा प्रश्नच नाही, डिस्क बघ.
यूझर १०० आणि तरी संथ: कुणी अडवत नाहीये, प्रोग्राम काय करतोय ते बघ.

कंटेनरचं पण तेच, आत एनप्रॉक होस्टचे सगळे सीपीयू दाखवू शकतो आणि कोटा दीडचाच असू शकतो, मग प्रोग्राम आठ थ्रेड सोडतो आणि कोटा क्षणात संपवतो.

११ मार्च

कागदावरची चौथी ओळ आमच्यावरच लागू झाली. ३४ पानं म्हणजे तीन तासांच्या थोडं आत, पण माझा हिशोब ६० चा होता. आधी एकटं एक पान एका थ्रेडवर चालवून मोजलं होतं तेव्हा ४ सेकंद लागले होते. ४ व्हीसीपीयू, मिनिटाला ६० व्हायलाच हवेत.

एचटॉपमध्ये थ्रेड दाखवायचा पर्याय चालू केला आणि प्रत्येक टेसरॅक्टच्या खाली चार थ्रेड दिसले. ४ प्रोसेस गुणिले ४, १६. पहिल्या रात्रीचा लोड १६! टेसरॅक्टच्या नव्या आवृत्त्या ओपनएमपी (एक काम अनेक थ्रेडवर वाटायची सोय) वापरून एका पानासाठी चार थ्रेडपर्यंत घेतात. एकच पान करायचं असेल तर ते थोडं लवकर होतं, पण आपण आधीच चार प्रोसेस सोडलेल्या असतील तर ते थ्रेड एकमेकांची वाट बघत सीपीयू जाळत बसतात. वाट बघताना ते झोपत नाहीत, गोल गोल फिरतात, आणि तो वेळ टॉपमध्ये यूझर म्हणून येतो, म्हणजे खरं काम केल्यासारखाच दिसतो. एका पानाला ४ ऐवजी जवळजवळ ७ सेकंद सीपीयू जात होता.

ओएमपी अंडरस्कोर थ्रेड अंडरस्कोर लिमिट हे एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल (सगळी कॅपिटल अक्षरं) १ केलं. सर्व्हिसमध्ये एक ओळ.

मिनिटाला ६० पानं. १ तास ४० मिनिटांत सगळं संपलं. १ वाजून ४० मिनिटांनी लॉगमध्ये शेवटची ओळ आली तेव्हा खरंच फार बरं वाटलं.

नंतर एक विचार आला तो लिहितो. ही एक ओळ चार तारखेला टाकली असती तर जुन्या दोन कोअरच्या मर्यादेत सुद्धा मिनिटाला ३० पानं झाली असती आणि काम साडेतीनच्या आत संपलं असतं. मर्यादा काढायची घाई करण्याआधी सीपीयू कशावर खर्च होतोय ते बघायला हवं होतं.

१२ मार्च

होस्टला कर्नल अपडेट होता, दुपारी रीबूट केला. रात्री एसटी ५०, मिनिटाला ३० पानं. या वेळी दोन मिनिटांत कळलं. व्हर्श शेडइन्फोमध्ये ग्लोबल कोटा परत २०००००. नऊ तारखेला मी फक्त लाइव्ह बदल केला होता, कॉन्फिगमध्ये लिहिला नव्हता, म्हणून व्हीएम नव्याने चालू झाल्यावर जुनी किंमत आली. आता लाइव्ह आणि कॉन्फिग दोन्ही पर्याय देऊन केलं आणि डम्प एक्सएमएलमध्ये (व्हीएमचं कॉन्फिग दाखवणारी कमांड) डोळ्यांनी तपासलं.

१३ मार्च

काका बॅकअपचं आधी बघ म्हणाले होते ते मी नंतर बघितलं. मर्यादा तर काढली, आता डेटाबेसला त्रास होऊ नये म्हणून कायमची मर्यादा न लावता प्राधान्य द्यायचं ठरवलं. फरक असा की कोटा होस्ट रिकामा असला तरी अडवतो, आणि वेट (म्हणजे वजन, वाट बघणं नव्हे) फक्त ओढाताण असेल तेव्हाच लागू होतो, एरवी सगळा सीपीयू मिळतो. आमच्यासारख्या स्वतःच्या होस्टवर मला वेटच बरोबर वाटतो. पैसे घेऊन व्हीएम विकणाऱ्याला कोटा लागतो ते समजू शकतं, गिऱ्हाइकाला रोज सारखाच वेग दिसायला हवा.

तर मी व्हर्श शेडइन्फोने माझ्या व्हीएमचे सीपीयू शेअर्स (तिथे वेटला हे नाव आहे) ५१२ केले. डोक्यात होतं की डीफॉल्ट १०२४ असतो, म्हणजे मी निम्मे घेतले.

१४ मार्च

सकाळी डेटाबेस सांभाळणाऱ्या ताईंचा फोन. "अरे, काल बॅकअपला २५ मिनिटांच्या जागी ५५ मिनिटं लागली, तू काही बदललंस का?" मी म्हटलं, "ताई, मी तर उलट तुम्हाला जास्त दिलाय." पण मी जास्त दिला नव्हता. १०२४ हा डीफॉल्ट सीग्रुपच्या पहिल्या आवृत्तीतला. दुसऱ्या आवृत्तीत तोच आकडा थेट सीपीयू डॉट वेटमध्ये जातो, तिथे डीफॉल्ट १०० आणि रेंज १ ते १००००. म्हणजे मी स्वतःला निम्मं करण्याऐवजी पाचपट करून घेतलं आणि त्यांचे १०० तसेच राहिले. लावायच्या आधी तीच कमांड नुसती चालवली असती तर समोर १०० दिसलं असतं. ताईंना फोन करून नीट सांगितलं काय झालं ते आणि माफी मागितली.

आता माझी ५०, डेटाबेसची २००, वेबची १००. परत लाइव्ह आणि कॉन्फिग दोन्ही.

त्यात अजून एक बाब निघाली. रात्री सव्वादोनला होस्टवरच एक कॉम्प्रेशनचं काम चालतं, चार थ्रेडवर. ते सिस्टम स्लाइसमध्ये (स्लाइस म्हणजे सीग्रुपचा एक मोठा गट), आणि सगळ्या व्हीएम मिळून मशीन स्लाइसमध्ये. दोन्ही स्लाइसचं वजन सारखंच १००, म्हणजे ओढाताण झाली की ते एकटं काम तिन्ही व्हीएमच्या बरोबरीचा वाटा मागू शकतं, व्हीएमना आपसात कितीही वजनं लावा. त्या सर्व्हिसला सीपीयू वेट २० लावून उपयोग नाही हे करून बघितल्यावर कळलं, कारण ते वजन फक्त सिस्टम स्लाइसच्या आतल्या भावंडांत लागू होतं. शेवटी मशीन स्लाइसचंच वजन ५०० केलं.

१५ मार्च

डेटाबेस बॅकअप २४ मिनिटं. ताईंचा मेसेज आला, ठीक आहे म्हणून.

माझं काम मुद्दाम दोन वाजता सुरू केलं, सगळं एकदम चालू असताना काय होतं ते बघायला. मिनिटाला ३८ पानं, एसटी १० च्या आसपास. नंतर बॅकअप आणि कॉम्प्रेशन संपलं, डेटाबेसवर फक्त साधारण कामं चालू होती, एसटी ० ते १, आणि पानं ४८. साठ नाहीत. इथे मी परत तासभर कोटा शोधत बसलो, नव्हता. सरळ कारण होतं, होस्टचे ८ थ्रेड म्हणजे ४ च कोअर आहेत. माझ्या व्हीसीपीयूला थ्रेड मिळाला पण त्याच कोअरच्या दुसऱ्या थ्रेडवर डेटाबेस पळत असेल तर दोघांचाही वेग कमी होतो, आणि हे स्टीलमध्ये येत नाही, कुठल्याच टक्केवारीत येत नाही. पुन्हा पानंच मोजली म्हणून कळलं.

हे असंच राहू दे ठरवलं. व्हीसीपीयू ठराविक कोअरला पिन करायचा, म्हणजे बांधून ठेवायचा, विचार केला होता पण तीन व्हीएम आणि चार कोअर, त्यात पिन केलं तर रिकामा वेळ वाया जाईल.

१७ मार्च

एक फाटा. पुढेमागे पानं वाढली तर भाड्याच्या व्हर्च्युअल सर्व्हरवर हे काम हलवता येईल का, म्हणून एक छोटा घेऊन बघितला. २ व्हीसीपीयू, क्रेडिटवाला प्रकार. पहिला दीड तास मिनिटाला ३० पानं, मग अचानक ६, एसटी ८०. आता घाबरलो नाही, ताशी हिशोब मांडला.

१ क्रेडिट म्हणजे १ व्हीसीपीयू १ मिनिट पूर्ण वेगाने. या प्लॅनला तासाला २४ क्रेडिट मिळतात, म्हणजे प्रत्येक व्हीसीपीयूला २० टक्के. दोन्ही पूर्ण चालवले तर तासाला १२० जातात, निव्वळ ९६ घटतात. सुरू करताना शिल्लक १४४ होती, भागिले ९६, दीड तास. मिनिटावर जुळलं. शिल्लक संपली की २० टक्क्यांवर आणून ठेवतात, ३० चे ६.

पण आमचं रोजचं काम म्हणजे ६००० पानं गुणिले ४ सेकंद, ४०० व्हीसीपीयू मिनिटं, म्हणजे ४०० क्रेडिट. दिवसाला मिळतात ५७६, आणि साठवायची कमाल पण ५७६. म्हणजे दिवसभर मशीन खरंच शांत ठेवलं तर रात्रीचं काम पूर्ण वेगाने ३ तास २० मिनिटांत बसतं. मी नवीन मशीन घेतल्याबरोबर पळवलं ही चूक, एक दिवस साठू द्यायला हवं होतं. मात्र दिवसा त्यावर दुसरं काही चालू असेल तर हा हिशोब कोसळतो. आणि काही ठिकाणी शिल्लक संपल्यावर वेग कमी न करता जास्तीचं बिल लावायचा पर्याय आधीपासूनच चालू असतो, तो मशीन घेतानाच बघा, नंतर बिलात बघायची वेळ येऊ नये.

मशीन परत केलं.

१८ मार्च

व्हर्श डेस्क वापरून तिन्ही व्हीएमच्या डिस्क्रिप्शनमध्ये लिहून ठेवलं: कुठलं वजन किती, का लावलं, कधी, कुणाला विचारायचं. काकांना पण पाठवलं. त्यांनी वाचून सांगितलं की वेब व्हीएमवर सुद्धा त्यांनी एकदा काहीतरी लावल्याचं आठवतंय, नक्की आठवत नाही. बघितलं तर तिथे व्हीसीपीयू कोटा ५०००० आहे, दोन व्हीसीपीयूंना प्रत्येकी अर्धा कोअर. वेबवाल्यांची दुपारी साइट अडखळते अशी तक्रार बरेच दिवस आहे. आज रात्री काढत नाही, आधी तीन दिवस त्यांचा रिस्पॉन्स टाइम आणि एसटी शेजारी शेजारी लिहून घेतोय.